एकोणपन्नास गुन्हेगार आणि एक शास्त्री

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी माणूस शाळेत शिकतो आणि जन्मभर वापरतो. कारकुनाने आकडा फिरवला, पुढाऱ्याने कालचे विधान आज बदलले, की तो सहज तोंडी येतो. त्याच्यामागे एक खून आहे, हेही बहुतेकांना ठाऊक असते. नारायणराव पेशव्यांना धरण्याचा हुकूम होता, आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून तो मारण्याचा केला आणि गारद्यांनी तो अमलात आणला, एवढी ती गोष्ट. गोष्ट म्हणून फारच सोयीची. एक बाई, एक अक्षर, आणि प्रकरण निकालात. पण ज्या माणसाने या खुनाची चौकशी केली त्याला ती इतकी सोपी वाटली नव्हती. त्याच्या चौकशीतून दोषी म्हणून जी नावे पुढे आली त्यांची संख्या ४९ होती.

तो माणूस म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. खाडिलकरांच्या १९०९ च्या ‘भाऊबंदकी’ने त्यांना रंगभूमीवर उभे केले. १९४४ मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला आणि गजानन जागीरदारांच्या रूपाने त्यांना चेहरा मिळाला. पुढे रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने ते घराघरांत पोहोचले. या सगळ्यांतून आपल्या मनात जे चित्र ठसले ते एका क्षणाचे: भर दरबारात ताठ उभा राहिलेला शास्त्री आणि मान खाली घातलेले राघोबादादा. चित्र खोटे नाही. पण त्या क्षणाच्या आधी सुमारे सहा आठवडे हा माणूस काय करीत होता, हे त्या चित्रात येत नाही. आणि मला वाटते, रामशास्त्र्यांचे खरे मोठेपण त्या सहा आठवड्यांत आहे. एका खुनात गुंतलेल्या अनेकांपैकी कोणाचा वाटा किती, हा प्रश्न त्यांनी सोडवला. तो आजच्या न्यायाधीशालाही घाम फोडतो.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात ते हे गाव. घरची गरिबी होती आणि पोरवय विद्येवाचून गेले. साताऱ्याच्या अनगळ सावकारांच्या घरी ते आश्रित म्हणून काम करीत आणि तिथे मोत्यांच्या भिकबाळीकडे पाहत राहिल्याबद्दल त्यांचा अपमान झाला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. खरीखोटी कोण जाणे. पण विशीच्या आसपास एक अडाणी तरुण उठून काशीला गेला आणि शास्त्री होऊन परतला, एवढे खरे. काशीत त्यांचे गुरू बाळंभट्ट पायगुंडे होते, असे परंपरा सांगते. ज्या ‘मिताक्षरे’च्या आधारे पेशवाईतले न्यायाधीश निवाडे करीत, त्या ग्रंथावरची ‘बाळंभट्टी’ ही टीका याच घराण्यातली. शिष्याच्या हाती पुढे जे काम आले त्याची शिदोरी इथेच बांधली गेली असणार.

१७५१ च्या सुमारास ते पुण्यास पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले. पेशवाईतले न्यायदान आपल्याला वाटते तितके मनमानी नव्हते. वादी-प्रतिवादींकडून जामीन घ्यायचे, निवाडा मानू असा राजीनामा लिहून घ्यायचा (तेव्हा राजीनाम्याचा अर्थ नोकरी सोडणे असा नव्हता), तकरिरा नोंदवायच्या, साक्षी काढायच्या, कागद पाहायचे आणि मग निवाडपत्र द्यायचे. जिंकणाऱ्याने हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे कज्जा कोणीही जिंको, सरकारची जमेची बाजू ठरलेली. असो.

थोरल्या माधवरावांशी रामशास्त्र्यांचे जे नाते होते, त्याची एक हकीकत ग्रँट डफने नोंदवली आहे. तरुण माधवरावांना जपतपाचा छंद लागला आणि कामे तुंबू लागली. शास्त्रीबुवा एके दिवशी भेटीस गेले तर पेशवे ध्यानस्थ. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाण्याची रजा मागितली. माधवरावांनी आपण ध्यानात असल्याची सबब सांगितली, तेव्हा शास्त्र्यांनी बजावले की ब्राह्मणाचा धर्म पाळायचा असेल तर गादी सोडून दोघांनी मिळून गंगातीरी जावे. गादीवर बसायचे असेल तर रयतेचे काम हेच अनुष्ठान. माधवरावांनी जप सोडला. घरात त्या दिवसाच्या शिध्यापलीकडे काही साठवायचे नाही, असा या न्यायाधीशाचा रिवाज होता, हेही डफच लिहितो. डफचे पुस्तक १८२६ चे. तो साताऱ्यास रेसिडेंट होता आणि ज्यांनी हा काळ पाहिला त्यांच्या मुलांनातवंडांत वावरला होता, म्हणून त्याच्या या नोंदींना वजन आहे.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. काका रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब, हे १७६८ च्या धोडपच्या लढाईपासून बहुतेक काळ नजरकैदेतच होते. ज्याने १७५८ मध्ये अटकेपर्यंत मजल मारली त्या सरदाराला शनिवारवाड्यातल्या दालनांत कोंडून ठेवलेले, आणि गादीवर सतराअठरा वर्षांचा पुतण्या. त्या पुतण्याचा स्वभाव उतावळा, जीभ तिखट. दुखावलेल्या माणसांची पुण्यात वाण नव्हती.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले. दुपारच्या वेळी सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसाफ हे गारद्यांचे म्होरके थकलेल्या पगाराचा ओरडा करीत आपल्या माणसांसह आत घुसले. गारदी म्हणजे कवायती पायदळ. पगारावर लढणारी आणि म्हणूनच पगारावर फिरणारीही माणसे. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारली. त्या वेळची त्यांची आर्त हाक अजून शनिवारवाड्यात ऐकू येते, असे पुण्यातली जुनी माणसे सांगत. दादासाहेबांनी आधी आवरण्याचा प्रयत्न केला, पण आता मागे फिरून आपला नाश ओढवून घेणार नाही असे सुमेरसिंगाने सुनावताच त्यांनी पुतण्याची मिठी सोडवली, असे डफची हकीकत सांगते. दादासाहेबांचा विश्वासू सेवक तुळाजी पवार याने नारायणरावांना ओढले. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने स्वतःला धन्याच्या अंगावर झोकून दिले, आणि दोघेही तलवारींखाली गेले. त्या अर्ध्या तासात वाड्यात एकंदर अकरा माणसे मारली गेली, त्यांत दोन कुणबिणी. एक गायही.

राज्याचा धनी मेला आणि ज्याच्यावर संशय तोच नवा धनी. ऑक्टोबरात साताऱ्याहून त्याच्यासाठी पेशवाईची वस्त्रेही आली. अशा वेळी न्यायाधीशाने काय करावे? गप्प बसला असता तर कोणी त्याला नाव ठेवले नसते. रामशास्त्र्यांनी कोणी फिर्याद दाखल करण्याची वाट पाहिली नाही. चौकशी सुरू केली.

इथे थोडे शास्त्रात शिरावे लागेल, वाचकांनी कंटाळू नये. एका हत्येत अनेक हात असतील तर पाप कसे वाटायचे, याचा विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने केला आहे. आपस्तंबाने सांगून ठेवले आहे की करवणारा, मान्यता देणारा आणि करणारा हे तिघेही फळाचे वाटेकरी, आणि ज्याचा पुढाकार अधिक त्याचा वाटा अधिक. ‘मिताक्षरे’ने त्याचे पाच प्रकार केले. कर्ता म्हणजे प्रत्यक्ष घाव घालणारा. अनुग्राहक म्हणजे पळणाऱ्याला अडवून किंवा मदतीला येणाऱ्यांना थोपवून कर्त्याचा हात बळकट करणारा. प्रयोजक म्हणजे करवणारा, आणि त्यातही हुकूम देणारा, विनवणी करणारा आणि सल्ला देणारा असे भेद. अनुमंता म्हणजे ज्याच्या संमतीने दुसऱ्याचे धारिष्ट वाढते तो. आणि शेवटी निमित्ती, ज्याच्या छळामुळे दुसरा जिवावर उदार होतो तो. प्रायश्चित्त या वाट्याप्रमाणे उतरत जाते. भारतरत्न पां. वा. काण्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात हा सगळा पसारा पाहायला मिळतो. त्या दुपारच्या शनिवारवाड्यावर हे कोष्टक ठेवून पाहा. सुमेरसिंग कर्ता. पाय ओढणारा तुळाजी अनुग्राहक, आणि गारद्यांशी संधान बांधण्यातही तोच असल्यामुळे आणखी बरेच काही. मिठी सोडवणारे दादासाहेब त्या क्षणापुरते निदान अनुमंता तरी.

आणि एक माणूस या कोष्टकात कुठेच बसत नाही. धोका असल्याची कुणकुण नारायणरावांना त्या सकाळीच लागली होती आणि बंदोबस्त करण्यास त्यांनी हरिपंत फडक्यांना सांगितले होते. हरिपंत जेवायला गेले. हेही डफने नोंदवले आहे. पुढे हेच हरिपंत बारभाईंचे खंदे सेनापती झाले आणि राज्य सावरण्यात त्यांचा वाटा मोठा होता. जेवणाच्या त्या ताटाचा हिशेब कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

बँकेत तीस वर्षे काढल्यामुळे मला या प्रकारच्या वाटणीची थोडी सवय आहे. अफरातफर उघडकीस आली की व्हाउचर करणारा, पास करणारा, किल्ली ज्याच्याकडे होती तो, आणि वरून टेलिफोनवर होऊ दे म्हणणारा, अशी साखळी समोर येते. सही फक्त खालच्या दोघांची असते. टेलिफोनला सही नसते. चौकशी अधिकारी कागदावर चालतो, म्हणून बडतर्फी सहसा सहीपाशी थांबते. रामशास्त्र्यांपुढे नेमका हाच पेच होता, फक्त टेलिफोनवरचा माणूस पेशवा होता. आणि त्यांना त्याचा कागद सापडला.

हा कागद म्हणजेच तो ‘ध’ आणि ‘मा’चा हुकूम. आपण गारद्यांना नारायणरावास धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे, अशी कबुली रघुनाथरावांनी शास्त्र्यांपाशी दिली. शास्त्र्यांनी मूळ कागद मिळवला तेव्हा त्यातला शब्द बदललेला आढळला, असे डफ लिहितो, आणि बदलणारा हात आनंदीबाईंचा असल्याचा सर्वसाधारण समज होता, असेही तोच नोंदवतो. समज. पुरावा नव्हे. आनंदीबाईंविरुद्ध ठोस असे समकालीन कागदांत सापडत नाही, असे पुढच्या अभ्यासकांचे मत पडले. तरी लोकांनी निवाडा करून टाकला, आणि तो अडीचशे वर्षे भाषेतच गोठून राहिला आहे.

माझे लक्ष मात्र वेगळ्या गोष्टीकडे जाते. समजा, अक्षर बदललेच. समजा, बदलणारे कोण हे कधीच कळले नाही. तर मूळ हुकूम देणारा सुटतो का? बँकेच्या भाषेत हा खाडाखोड केलेल्या चेकचा प्रश्न आहे. चेकवरची रक्कम कोणी बदलली तर खातेदार सहसा जबाबदार नसतो. पण त्याने स्वतःच रकमेच्या आधी मोकळी जागा सोडली असेल आणि चेक अशा माणसाच्या हाती दिला असेल की ज्याला ती जागा भरण्याचा मोह व्हावा, तर तो हात झटकू शकत नाही. पगार थकलेल्या, हत्यारबंद, पैशाच्या बोलीवर विकत घेतलेल्या टोळीला राज्याच्या धन्याला पकडण्याचा लेखी हुकूम देणे, म्हणजे ‘ध’ आणि ‘मा’ यांच्यातली जागा स्वतःच मोकळी सोडणे. पकडताना तो ओरडणार, कोणी आडवा येणार, तलवार निघणार. यात अनपेक्षित काय होते? १८६० च्या दंड संहितेत मेकॉलेच्या वारसांनी हेच तत्त्व कलमात घातले: चिथावणी एका कृत्याची दिली आणि घडले दुसरे, तरी ते दुसरे त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल तर चिथावणारा त्याला जबाबदार. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण हे तत्त्व गेलेले नाही. रामशास्त्र्यांपाशी ही कलमे नव्हती. त्यांनी तेच उत्तर काशीत शिकलेल्या पोथीवरून आणि स्वतःच्या अकलेने काढले.

एका शब्दाच्या फरकाने माणूस फासाच्या दोरीपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. राजीव गांधींच्या हत्येच्या खटल्यात खालच्या कोर्टाने १९९८ साली सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एकेकाचा वाटा वेगळा तपासला. चौघांची फाशी कायम, तिघांना जन्मठेप, आणि १९ जण खुनाच्या आरोपातून मोकळे. फाशी कायम झालेल्यांत एक एकोणीस वर्षांचा तरुण होता, ज्याच्यावर दोन बॅटरी आणून दिल्याचा आरोप होता. त्या बॅटरी कशासाठी आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते असे तो म्हणाला होता, पण जबाबात आपण ते वाक्य लिहिले नाही, अशी कबुली जबाब नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने २०१३ मध्ये दिली. २०१४ मध्ये त्याची फाशी रद्द झाली आणि २०२२ मध्ये, तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून, तो सुटला. इथे अक्षर बदलले नव्हते, वाक्य गळले होते. गळलेल्या वाक्यातच अनुग्राहक आणि अजाण माणूस यांच्यातला सगळा फरक होता.

पुण्याकडे परतू. रियासतकार सरदेसायांनी दोषींची मोजदाद दिली आहे ती पाहण्यासारखी आहे. ४९ पैकी गारदी अवघे १३. ब्राह्मण २६, प्रभू ३, मराठे ७. म्हणजे ज्यांच्या नावाने ‘गारद्यांनी केलेला खून’ म्हणून हे प्रकरण ओळखले जाते, ते दोषींच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. निम्म्याहून अधिक माणसे शास्त्र्यांच्या स्वतःच्या जातीची, त्यांच्याच पंगतीला बसणारी. ती यादी करणाऱ्या हाताला काय वाटले असेल, याचा विचार कादंबरीकार म्हणून माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे. पण त्याची कल्पना करण्यापेक्षा ती यादी तशीच ठेवणे बरे.

मग तो प्रसंग. प्रायश्चित्त काय घ्यावे असे दादासाहेबांनी विचारले आणि शास्त्र्यांनी देहान्त हेच प्रायश्चित्त असल्याचे सांगितले. याचे धैर्य सगळेच वाखाणतात. त्यातली चतुराई म्हणा, की नेमकेपणा म्हणा, तिच्याकडे कमी जणांचे लक्ष गेले आहे. ब्राह्मणाला राजाने देहदंड देऊ नये, हा धर्मशास्त्राचा सर्वसाधारण दंडक. शिवाय दादासाहेब स्वतःच राज्यकर्ते, त्यांना दंड करणार कोण? म्हणजे न्यायाधीश म्हणून शिक्षा देण्याची वाट दोन्हीकडून बंद होती. प्रायश्चित्ताची वाट मात्र मोकळी होती. जाणूनबुजून केलेल्या ब्रह्महत्येला मरण हेच प्रायश्चित्त, असे शास्त्रच सांगते. दंड राजाच्या हातचा असतो, प्रायश्चित्त पातक्याने आपण होऊन घ्यायचे असते. शास्त्र्यांनी शिक्षा दिली नाही. ती कोणाची आहे एवढे सांगितले आणि घेण्याचे काम घेणाऱ्यावर सोपवले.

आणखीही एक आहे. उतरत्या कोष्टकाप्रमाणे करवणाऱ्याचे प्रायश्चित्त प्रत्यक्ष करणाऱ्यापेक्षा हलके निघते. दादासाहेबांनी शस्त्राला हात लावला नव्हता. एखाद्या मवाळ शास्त्र्याने त्याच पोथीतून त्यांच्यासाठी व्रते, दाने आणि तीर्थयात्रा काढून दिल्या असत्या, आणि त्या काळच्या पुण्यात असे शास्त्री शोधायला लांब जावे लागले नसते. रामशास्त्र्यांनी सर्वांत मोठा वाटा अशा माणसाच्या पदरात घातला की ज्याच्या हाताला रक्त नव्हते. ज्याच्या शब्दावाचून बाकीच्या अठ्ठेचाळिसांपैकी कोणीही हलले नसते, तो पहिला. पुढाकार अधिक त्याचा वाटा अधिक, हे आपस्तंबाचे माप त्यांनी धरले, असे मला वाटते.

तिथून ते निघाले ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. दादासाहेबांचे राज्य असेतो पुण्यात पाऊल ठेवायचे नाही असे ठरवून.

पुढची घडामोड थोडक्यात सांगतो. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत, त्रिंबकराव पेठे आदी बारभाईंनी दादासाहेबांना दूर सारले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले. दादासाहेब इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ चा सुरतेचा तह, मग पुरंदरचा, मग वडगाव, अशी नऊ वर्षांची ओढाताण झाली. रामशास्त्री पुण्यास परतले आणि पुन्हा न्यायाधीशाच्या जागेवर बसले.

आता यादीची अंमलबजावणी सुरू झाली. इथे मन खट्टू होते. सुमेरसिंग हाती लागण्यापूर्वीच मेला. महंमद इसाफला पकडून मारले. खरगसिंग आणि तुळाजी पवार पळून हैदर अलीच्या आश्रयाला गेले होते. पुढे हैदराशी जुळवून घेतले तेव्हा त्याने दोघांना पुण्याच्या स्वाधीन केले, आणि त्यांना हाल हाल करून मारण्यात आले. इतर अनेकांच्या वाट्याला किल्ल्यांवरची कैद आणि जप्ती आली. देहदंड झालेली ठळक नावे पाहावीत तर ती गारद्यांची आणि एका सेवकाची. सखारामबापूंबद्दल कटाच्या संदर्भात कुजबूज होती. पण १७७९ मध्ये त्यांना कैद झाली ती इंग्रजांशी केलेल्या संधानाबद्दल, नारायणरावांबद्दल नव्हे. १७८१ मध्ये ते रायगडावर कैदेतच वारले.

आणि पहिला आरोपी? १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात रघुनाथरावांच्या निर्वाहासाठी महिना २५,००० रुपये ठरले. पेन्शनचे हिशेब मी आयुष्यभर पाहिले आहेत, पण देहान्त प्रायश्चित्त सांगितलेल्या माणसाला त्याच सरकारी तिजोरीतून लागलेले हे पेन्शन माझ्या डोक्यातून जात नाही. ते गोदावरीकाठी कोपरगावला राहू लागले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तिथेच आजाराने वारले. यात नाना फडणिसांना दोष देणे सोपे आहे. इंग्रजांच्या हातून दादासाहेबांना सोडवून आणणे, हीच राज्याच्या दृष्टीने मोठी गरज होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली. राज्यकर्त्याचे गणित वेगळे असते हे मला मान्य आहे. पण मग खरगसिंगाचे हाल करताना ते गणित कुठे होते? हुकुमाने करणाऱ्याला यातना, हुकूम करणाऱ्याला तनखा. शास्त्र्यांनी जी शिडी वरून खाली लावली होती ती कारभाऱ्यांनी खालून वर लावली, आणि वरच्या पायऱ्यांपर्यंत कोणी चढलेच नाही.

रामशास्त्र्यांनी यावर काय म्हटले असेल? ते कारभारी नव्हते, बजावणी त्यांच्या हाती नव्हती. आपल्या निवाड्यातला पहिला माणूस पेन्शन खातो आहे हे ठाऊक असताना ते रोज न्यायाच्या गादीवर बसत होते, गावोगावच्या वतनांचे, वाटण्यांचे, दत्तकांचे कज्जे ऐकत होते. त्यांच्या आयुष्यातला हा काळ नाटकात येत नाही. मला तो त्या दरबारी क्षणाहून कठीण वाटतो.

१७८९ च्या ऑक्टोबरात ते वारले. त्यांच्या जागी अय्याशास्त्री आले. दोनच वर्षांत, १७९१ मध्ये, पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. किती जणांना, कोणी, कशासाठी कोंडले आणि मरण येईल याची कोणाला कल्पना होती, हे तपासण्याइतकी सवड त्या वेळी पुण्याला नव्हती. जमाव वाड्यापुढे जमला आणि घाशीरामाला त्याच्या हवाली करण्यात आले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. कोणाचा दगड शेवटचा होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आनंदीबाई १७९४ मध्ये वारल्या, तोवर त्या नजरकैदेतच होत्या. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर, १७९६ साली, त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला आणि शनिवारवाड्यात राहायला आला.